भीती दिसते, पण अडवत नाही

पडद्यावर एक चेहरा येतो. कोरा, कसलाच भाव नसलेला. मग तो हळूहळू बदलू लागतो. भुवया वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या जातात, वरच्या पापण्या ताणतात, बुबुळावरचा पांढरा भाग उघडा पडतो, ओठ आडवे ताणले जातात. कोऱ्या चेहऱ्यापासून पूर्ण भेदरलेल्या चेहऱ्यापर्यंत एकूण 20 टप्पे. समोर बसलेल्या मुलाला एवढंच सांगितलेलं असतं, की कोणता भाव आहे ते कळलं की सांग.

2001 साली जेम्स ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग इंग्लंडमधल्या काही मुलांवर केला. भावनिक आणि वर्तनाच्या अडचणींमुळे विशेष शाळांत घातलेली ही मुलं. त्यांच्यातल्या काहींमध्ये सायकोपॅथिक लक्षणं ठळक होती: केल्याचा पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुखण्याची फिकीर नाही, वरवरचं गोड बोलणं मात्र भरपूर. या मुलांना दुःखी चेहरा ओळखायला इतरांपेक्षा जास्त टप्पे लागले. भेदरलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत तर शेवटचा टप्पा आला, भीती पुरती उघड झाली, तरीही त्यांच्या चुका जास्त होत्या. आनंद किंवा राग ओळखताना असा फरक दिसला नाही.

अशा प्रयोगांतून एक गोष्ट तयार झाली आणि ती सगळीकडे पसरली. सायकोपॅथला समोरच्याची भीती कळतच नाही, म्हणून तो क्रूर होतो. ऐकायला पटते. क्रूरपणाचं कारण मेंदूतल्या एका बिघाडात सापडलं की आपल्यालाही जरा सुटल्यासारखं वाटतं. पण ती अर्धीच खरी आहे, आणि अर्धीच खरी गोष्ट न्यायालयात, शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत आणि आता सॉफ्टवेअरमध्ये शिरली की तिच्यावर माणसांचे निर्णय होऊ लागतात. माझं म्हणणं असं आहे, की सायकोपॅथिक लक्षणं असलेल्या बऱ्याच लोकांना भाव ओळखता येतात, निदान विचारलं तर येतात. कमी पडते ती न विचारता तिकडे लक्ष जाण्याची सवय, आणि लक्ष गेल्यावर हात आखडण्याची. आपले कायदे आणि आपली धोरणं या दुसऱ्या गोष्टीवर उभी राहायला हवीत. सध्या सगळा जोर पहिलीवर आहे.

गंमत म्हणजे ब्लेअर यांचा मूळ सिद्धांत या दुसऱ्या गोष्टीबद्दलच होता. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी आधीच नोंदवलं होतं, की दोन कुत्र्यांच्या भांडणात हरणारं कुत्रं शरण आल्याची खूण करून आडवं पडलं की जिंकणारं सहसा तिथेच थांबतं. 1995 साली ब्लेअर यांनी मांडलं, की माणसातही असा काहीतरी ब्रेक असावा. घाबरलेला किंवा रडवेला चेहरा समोर आला की आपण केव्हा थांबलो ते आपल्यालाही कळत नाही. लहानपणी हे पुन्हा पुन्हा घडत गेलं की ‘मारू नये’ हे सांगायची गरज उरत नाही, ते अंगवळणी पडलेलं असतं. सायकोपॅथीत हा ब्रेक लागत नाही, असा त्यांचा तर्क. म्हणजे सिद्धांत थांबण्याचा होता. पण थांबणं प्रयोगशाळेत मोजायचं कसं? मूल खरोखर कुणाला मारतंय आणि मध्येच थांबतंय, असा प्रयोग कोण करू देईल? फोटो दाखवून भावनेचं नाव विचारणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. मोजायला सोपं होतं ते मोजलं गेलं आणि पुढे तेच मुख्य होऊन बसलं.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा पुरावा सायकोपॅथीच्या संशोधनातून आलेलाच नाही. तो आला एका बाईंकडून. शास्त्रीय लेखांत त्यांचा उल्लेख केवळ ‘एस. एम.’ असा होतो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने त्यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झाला. बदामाच्या आकाराचा हा भाग धोक्याची आणि भीतीची दखल घेण्यात महत्त्वाचा असतो. 1994 साली राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या बाईंना चेहऱ्यावरची भीती ओळखणं फार जड जातं. झालं, अमिग्डाला म्हणजे भीती ओळखणारं यंत्र असं समीकरण पक्कं झालं. सायकोपॅथीत अमिग्डाला कमी प्रतिसाद देतो असेही निष्कर्ष येत होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या.

पण त्याच गटाने 2005 साली याच बाईंची नजर चेहऱ्यावर नेमकी कुठे फिरते ते तपासलं. त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे जवळजवळ बघतच नव्हत्या. भीती सगळ्यात जास्त डोळ्यांत असते. ताणलेल्या पापण्या आणि उघडा पडलेला पांढरा भाग, भीतीची खूण म्हणजे मुख्यतः हीच. तोंड पाहून आनंद कळतो, भीती फारशी कळत नाही. मग संशोधकांनी अगदी साधी गोष्ट केली. त्यांना सांगितलं, डोळ्यांकडे बघा. तेवढ्याने त्यांचं भीती ओळखणं इतरांच्या बरोबरीला आलं. अमिग्डाला तर परत उगवला नव्हता. सूचना थांबली की नजर पुन्हा डोळ्यांवरून उतरायची आणि चुका पुन्हा सुरू व्हायच्या.

ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स यांनी हाच धागा धरला. ज्या मुलग्यांमध्ये निष्ठुरपणाची लक्षणं जास्त होती त्यांना चेहरे तीन प्रकारे दाखवले: हवं तसं बघू देऊन, तोंडाकडे बघायला सांगून आणि डोळ्यांकडे बघायला सांगून. 2006 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पहिल्या दोन प्रकारांत ही मुलं भीती ओळखण्यात मागे पडत होती, आणि डोळ्यांकडे बघायला सांगितलं की तो फरक नाहीसा होत होता. मुलांना ओळखता येत होतं. त्यांची नजर आपण होऊन तिथे जात नव्हती.

ज्याला अक्षरओळख आहे त्याच्यासमोर पाटी आली की ती न वाचणं त्याला जमतच नाही. वाचायचं ठरवावं लागत नाही. नुकतीच लिपी शिकलेल्याला मात्र प्रत्येक पाटीपाशी थांबून वाचायचं ठरवावं लागतं. बहुतेक माणसं दुसऱ्याची भीती पहिल्या रीतीने वाचतात. सायकोपॅथिक लक्षणं असलेली माणसं बहुधा दुसऱ्या रीतीने वाचतात, आणि वाचण्यात त्यांचा काही फायदा असेल तरच.

मोठ्या माणसांकडे वळलं तर चित्र आणखी विस्कटतं. 2009 साली ग्लास आणि न्यूमन यांनी अमेरिकेत 111 पुरुष कैद्यांची परीक्षा घेतली. सायकोपॅथिक कैदी चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात कुठेच कमी पडले नाहीत. त्याआधी, 2008 मध्ये, अ‍ॅबिगेल मार्श आणि ब्लेअर यांनी समाजविघातक वागणाऱ्या लोकांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून म्हटलं होतं, की उणीव मुख्यतः भीती ओळखण्यात आहे. पुढे 2012 मध्ये एमी डॉवेल यांच्या गटाने असंच एकत्रीकरण केलं आणि सांगितलं, की फक्त भीती आणि दुःखच नव्हे, इतर भावनाही या लोकांना थोड्या कमी ओळखू येतात, आणि आवाजातल्या भावनांचंही तसंच. तीन अभ्यास, तीन वेगळी उत्तरं. फरक आहे, पण तो लहान आहे. परीक्षा कशी घेतली, सूचना काय दिल्या, माणसं तुरुंगातली की बाहेरची, यावर तो दिसतो किंवा दिसत नाही. इतका लहान आणि इतका हलता फरक एखाद्या संपूर्ण स्वभावाचं मूळ कारण असेल, हे मानायला मी तयार नाही.

शिवाय परीक्षा तरी कसली? पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी 1976 साली जमवलेले कृष्णधवल फोटो या क्षेत्रात वर्षानुवर्षं वापरले गेले. स्थिर चेहरा, ठरवून आणलेला भाव, आणि समोर सहा शब्द: आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य. त्यातला एक निवडायचा. खऱ्या आयुष्यात कुणी आपल्यापुढे येऊन असा गोठून उभा राहत नाही. भीती हसण्याआड लपते, पाठ फिरवण्यात दिसते, फोन लवकर ठेवण्यात दिसते. 2019 साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर काही शास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन विस्ताराने तपासून हेच सांगितलं, की एका भावनेचा एकच ठरावीक चेहरा असतो असं धरून चालता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाची समजूत. सायकोपॅथ माणसांना पुस्तकासारखा वाचतो, एका नजरेत कमजोर माणूस हेरतो, वगैरे. सिनेमातल्या थंड डोळ्यांच्या खुन्याला ही शक्ती हमखास दिलेली असते. तिला थोडा आधार आहे, नाही असं नाही. 2013 साली अँजेला बुक आणि सहकाऱ्यांनी 47 कैद्यांना चालणाऱ्या माणसांच्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं, यांतला कोण सावज ठरण्यासारखा वाटतो? चालणाऱ्यांपैकी काही जण पूर्वी खरंच हल्ल्याला बळी पडलेले होते. सायकोपॅथीच्या भावनिक आणि नातेसंबंधांविषयीच्या लक्षणांचे गुण ज्या कैद्यांत जास्त होते त्यांचे अंदाज जास्त बरोबर आले, आणि आपण चालीवरून ओळखलं असंही त्यांनी सांगितलं.

एकाला घाबरलेला चेहरा कळत नाही आणि दुसऱ्याला चालीवरून दुबळेपणा कळतो, हे एकाच स्वभावात कसं बसतं? दोन्ही प्रयोगांत प्रश्न काय विचारला ते बघितलं की बसतं. सावज कोण, हा प्रश्न विचारला की लक्ष तिकडे लागतं. न्यूमन यांच्याच 2010 सालच्या एका प्रयोगात, 125 कैद्यांपैकी सायकोपॅथिक कैद्यांना धोक्याच्या खुणेची भीती कमी वाटली ती त्यांचं लक्ष दुसऱ्या कामात होतं तेव्हा. धोक्याकडेच लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा त्यांचं शरीर इतरांसारखंच दचकलं. नेदरलंड्समध्ये क्रिस्टियान कायझर्स आणि व्हॅलेरिया गाझोला यांच्या गटाने 2013 साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही असाच. सायकोपॅथीचं निदान झालेल्या 18 गुन्हेगारांना हातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. एक हात दुसऱ्याला कुरवाळतोय, झिडकारतोय, दुखावतोय. नुसतं बघायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मेंदूतला प्रतिसाद इतरांपेक्षा बराच कमी होता. त्या माणसाला काय वाटतंय ते अनुभवायचा प्रयत्न करा, असं सांगितल्यावर तो फरक बराचसा मिटला.

म्हणजे सहवेदना तिथे आहे, पण तिचं बटण त्यांच्या हातात आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं बटण आपल्या हातात नसतं, आणि समाज चालतो तो त्यामुळेच. दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. मार्श यांनी 2014 साली अनोळखी माणसाला आपलं मूत्रपिंड दान करणाऱ्यांचे मेंदू तपासले. त्यांचा उजवा अमिग्डाला सरासरीपेक्षा मोठा होता आणि घाबरलेला चेहरा पाहून तो जास्त प्रतिसाद देत होता. या लोकांना भीती ‘ओळखण्याचं’ प्रशिक्षण कुणी दिलं नव्हतं.

न्यायालयांचा प्रश्न इथूनच सुरू होतो. आरोपीच्या वकिलाने मेंदूचं चित्र पुढे ठेवलं आणि म्हटलं, की माझ्या अशिलाला दुसऱ्याची भीती कळतच नाही, त्याचा मेंदूच तसा आहे, तर न्यायाधीशाने काय करावं? हे नुसतं कल्पनेतलं नाही. 2009 साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका खून खटल्यात शिक्षा ठरवताना आरोपीच्या मेंदूचं एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारं चित्र) पुरावा म्हणून पुढे आलं; ज्यूरीने तरीही मृत्युदंड सुनावला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 181 अमेरिकी न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला दिला. आरोपी सायकोपॅथ असल्याचं सगळ्यांना सांगितलं, पण त्यामागचं जैविक कारण निम्म्यांनाच समजावून सांगितलं. ज्यांना सांगितलं नाही त्यांनी सरासरी 13.93 वर्षांची शिक्षा दिली, ज्यांना सांगितलं त्यांनी 12.83 वर्षांची. साधारण एका वर्षाची सूट.

मला ही सूट पटत नाही. मेंदूतलं कारण सापडलं म्हणून जबाबदारी कमी होते असं नाही. प्रत्येक वागण्याचं कारण मेंदूत कुठेतरी असणारच. प्रश्न हा, की समोरचा माणूस घाबरलाय हे आरोपीला कळू शकत होतं का? पुरावा सांगतो, बहुधा कळू शकत होतं. ज्या माणसाने सावज निवडताना, फसवताना, धमकावताना समोरच्याची भीती वापरली, त्याने नंतर ती दिसली नाही म्हणणं टिकत नाही. धमकी हा प्रकारच मुळी समोरच्याची भीती ओळखल्याशिवाय चालत नाही.

याला एक चांगला आक्षेप आहे. आपल्याला जी गोष्ट फुकट मिळाली ती या माणसाला प्रत्येक वेळी मुद्दाम ओढून आणावी लागते. मग दोघांना एकाच मापाने मोजणं न्याय्य आहे का? आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकत नाही. रागाच्या भरात, क्षणात घडलेल्या गुन्ह्यात त्याला वजन द्यावं असंही मला वाटतं, कारण तिथे ठरवायला वेळच नसतो आणि आपोआप लागणारा ब्रेकच काय तो उपयोगी पडतो. पण महिनोन्महिने आखून केलेल्या छळात किंवा फसवणुकीत हा युक्तिवाद लागू पडत नाही. आणि याच्या उलट, सायकोपॅथ हा शिक्का बसला म्हणून शिक्षा वाढवणंही तितकंच चूक. सायकोपॅथी मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रॉबर्ट हेअर यांच्या 20 मुद्द्यांच्या यादीवर 40 पैकी 30 गुण पडले की उत्तर अमेरिकेत माणूस सहसा सायकोपॅथ ठरतो. 29 गुणांचा माणूस 30 वाल्यापेक्षा वेगळ्या जातीचा नसतो. शिवाय डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, सायकोपॅथी नावाचं स्वतंत्र निदानच नाही.

चेहरे ओळखण्याच्या परीक्षेवरून माणसांची चाळणी करण्याचा मोह तर आणखी धोक्याचा. भीती ओळखता आली नाही, यामागे एकच कारण नसतं. ऑटिझम असलेल्या मुलांनाही चेहरे वाचणं जड जाऊ शकतं, पण तिथे अडचण निराळी असते. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते कळायला कठीण, कळल्यावर मात्र त्याचं वाईट वाटतं. सायकोपॅथिक लक्षणांत बहुतेकदा उलटं. सेठ पोलक यांच्या अभ्यासांत मारहाण सोसलेली मुलं अगदी अर्धवट खुणांवरूनही राग ओळखत होती, आणि ज्यांच्याकडे घरात दुर्लक्ष झालं त्यांना भाव वेगवेगळे ओळखणंच अवघड जात होतं. म्हणजे तोच कमी गुण एका मुलाबद्दल एक सांगतो, दुसऱ्याबद्दल भलतंच. सर्वसाधारण लोकसंख्येत सायकोपॅथीचं प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी धरलं जातं. इतक्या विरळ गोष्टीसाठी इतकी ढोबळ परीक्षा सगळ्यांना लावली, की पकडल्या गेलेल्यांत निर्दोषच जास्त असणार. साधं गणित आहे.

यंत्रांबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यातून भाव वाचल्याचा दावा करणाऱ्या प्रणालींना युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेचा अपवाद ठेवून. ही बंदी फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्येच आपल्या सेवेतली ही सोय काढून घेत असल्याचं जाहीर केलं. मला बंदीचा निर्णय बरोबर वाटतो, आणि तो सगळीकडे व्हायला हवा.

मुलांचं काय, हा खरा कामाचा प्रश्न. डॅड्स यांच्या गटाने आईला सांगितलं, मुलाच्या डोळ्यांत बघून तुझं त्याच्यावर प्रेम आहे ते त्याला दाखव. निष्ठुरपणाची लक्षणं जास्त असलेली मुलं आईच्याही डोळ्यांकडे कमी बघत होती. नजर आईच्या चेहऱ्यावरही टिकत नसेल तर दुसऱ्याच्या भीतीवर ती कशी टिकणार? डीएसएमच्या 2013 च्या आवृत्तीत वर्तनविकार असलेल्या मुलांसाठी ‘मर्यादित समाजाभिमुख भावना’ अशी वेगळी नोंद आली ती अशाच मुलांना लवकर ओळखता यावं म्हणून. ती नोंद मदतीचं दार उघडण्यासाठी वापरली तर चांगलं. मुलाच्या फाइलला चिकटून ती त्याच्याबरोबर शाळा बदलत राहिली, तर त्या मुलाचं नुकसानच.

मदत म्हणजे काय, हेही नीट ठरवायला हवं. भावनांचे फोटो दाखवून त्यांची नावं पाठ करून घ्यायची आणि गुण वाढले की कार्यक्रम यशस्वी म्हणायचा, हे सोपं आहे. कॅनडात ओंटारिओमधल्या ओक रिज या मनोरुग्णालयात 1960 आणि 70 च्या दशकांत गुन्हेगारांसाठी एक गाजलेला उपचार-कार्यक्रम चालला. माणसं तासन्‌तास एकमेकांसमोर बसून मन मोकळं करायची. काही प्रयोग आज कुणी करूच देणार नाही असे होते. एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य देणंही त्यात होतं. 1992 साली त्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सायकोपॅथ नसलेल्यांमध्ये हिंसक गुन्हे कमी झाले होते. सायकोपॅथ मात्र उपचार न मिळालेल्या सायकोपॅथपेक्षा जास्त हिंसक निघाले. दुसऱ्याचं मन वाचायला शिकले, आणि ती विद्या हवी तशी वापरली, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. इतक्या विचित्र कार्यक्रमावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. तरी कुठलाही शिक्षणखात्याचा किंवा बालसुधारगृहाचा प्रकल्प ‘मुलांची भावना ओळखण्याची क्षमता वाढली’ असा अहवाल घेऊन आला, तर पैसे मंजूर करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा: समोरचं मूल रडायला लागलं तेव्हा या मुलांनी मारणं थांबवलं का, आणि ते कुणी, कुठे, किती दिवस बघितलं?